ऑप-अँपचा गेन आणि कपॅसिटरची जागा

ऑप-अँप शिकवताना पहिलं सूत्र येतं ते इन्व्हर्टिंग अँप्लिफायरचं. फीडबॅकच्या रेझिस्टरला इनपुटच्या रेझिस्टरने भागायचं, पुढे उणे चिन्ह लावायचं, की गेन मिळाला. १ किलोओहम आणि १०० किलोओहम घेतले तर गेन १००. आता हेच सर्किट ७४१ हा ऑप-अँप घेऊन ब्रेडबोर्डवर लावा आणि फंक्शन जनरेटरची फ्रीक्वेन्सी हळूहळू वाढवत न्या. १ किलोहर्ट्झपर्यंत आउटपुट जवळजवळ शंभर पटच राहतं. १० किलोहर्ट्झला ते सत्तर पटींवर येतं आणि १०० किलोहर्ट्झला जेमतेम दहा पट उरतं. आकृतीत एकही कपॅसिटर काढलेला नाही, तरी हा गेन कपॅसिटरनेच खाली आणलेला असतो. ७४१च्या चिपमध्येच ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर बसवलेला आहे.

कपॅसिटरमुळे गेन वाढतो की कमी होतो, या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही. एकच दहा पिकोफॅरडचा कपॅसिटर फीडबॅक रेझिस्टरला समांतर लावला तर वरच्या फ्रीक्वेन्सीचा गेन उतरतो, इन्व्हर्टिंग पिन आणि ग्राउंडमध्ये लावला तर एका ठिकाणी गेन फुगतो, आणि सप्लायच्या पिनजवळ लावला तर त्याचा पत्ताही लागत नाही. माझं मत असं आहे की कपॅसिटर केवढा आहे हे विचारण्याआधी तो कुठे आहे हे विचारावं. त्याला जोडून दुसरा प्रश्न: तो सिग्नलचा गेन बदलतो आहे की लूपचा? आपल्या अभ्यासक्रमांत फिल्टर एका प्रकरणात येतात आणि फ्रीक्वेन्सी कॉम्पेन्सेशन दुसऱ्या. विद्यार्थी पहिलं प्रकरण गणितांसाठी करतो, दुसरं पाठ करतो, आणि दोन्हींत एकच गोष्ट चालली आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

लूपचा गेन म्हणजे काय ते आधी पाहू. ७४१चा स्वतःचा, फीडबॅक न लावता मिळणारा गेन साधारण २ लाख. त्यातला शंभर आपण सर्किटचा गेन म्हणून वापरला, तर उरलेला दोन हजार पटींचा साठा, म्हणजेच लूपचा गेन, चुका सुधारण्याच्या कामी येतो. गेन रेझिस्टरांच्या गुणोत्तराइतका अचूक राहतो तो या साठ्याच्या जोरावर. हा साठा संपला की रेझिस्टरांची सत्ताही संपते. ७४१मध्ये ती कपात फार लवकर, ५ हर्ट्झच्या आसपासच सुरू होते. तिथून पुढे फ्रीक्वेन्सी दहा पट झाली की ऑप-अँपचा स्वतःचा गेन दहा पटीने कमी होतो आणि १ मेगाहर्ट्झच्या सुमारास तो १ वर येतो. गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार कायम राहतो म्हणतात, तो या उताराचाच परिणाम आहे.

इतका चांगला गेन मुद्दाम का घालवायचा, हा प्रश्न रास्त आहे. बेल लॅब्जमधल्या हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली, आणि ती वापरू लागताच एक अडचण उभी राहिली. अँप्लिफायरच्या प्रत्येक टप्प्यात सिग्नलला थोडा उशीर होतो. फ्रीक्वेन्सी वाढत गेली की हा उशीर वाढत वाढत १८० अंशांचा होतो, आणि चूक कमी करायला परत पाठवलेला सिग्नल चूक वाढवू लागतो. परत येणाऱ्या झोपाळ्याला चुकीच्या क्षणी धक्का दिला तर तो थांबण्याऐवजी आणखी उंच जातो, तसं हे आहे. त्या क्षणी लूपचा गेन १ किंवा जास्त असेल तर सर्किट आपोआप दोलायमान होतं, म्हणजे ऑसिलेट होतं. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२मध्ये याची नेमकी अट मांडली. उपाय असा की उशीर १८० अंशांना पोहोचण्याआधीच लूपचा गेन १च्या खाली उतरवायचा. हे काम एक कपॅसिटर करतो.

हा कपॅसिटर कुठे ठेवायचा, याचा इतिहास मोठा बोलका आहे. फेअरचाइल्डमध्ये बॉब विडलर यांनी केलेला ७०९ हा ऑप-अँप १९६५मध्ये आला. तो १ गेनवर स्थिर ठेवायला बाहेरून ५००० पिकोफॅरड, त्याच्याबरोबर १.५ किलोओहम, आणि आणखी २०० पिकोफॅरड अशी जोडणी लागायची. गेन वाढवला की हे आकडे बदलायचे, आणि कुठल्या गेनला कुठली जोडणी याचा तक्ता डेटाशीटमध्ये दिलेला असे. १९६७मध्ये नॅशनल सेमिकंडक्टरसाठी विडलर यांनीच एलएम१०१ केला. त्याला बाहेरून फक्त ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर पुरे होता. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागर यांनी तेवढाच कपॅसिटर चिपच्या आत घातला, तो ७४१. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत आजही ७४१ सहज मिळतो याचं मोठं श्रेय या एका निर्णयाला आहे. वापरणाऱ्याला स्थिरतेचा विचार करावाच लागत नाही. त्याची किंमत म्हणजे, शंभर गेन हवा असला तरी त्याला १ गेनसाठी लागणाऱ्या कपॅसिटरचंच ओझं वाहावं लागतं.

३० पिकोफॅरड एवढासा कपॅसिटर ५ हर्ट्झला गेन उतरवू शकतो यामागे मिलर परिणाम आहे. जॉन मिलर यांनी व्हॅक्युम ट्यूबच्या काळातच दाखवलं होतं की गेन असलेल्या टप्प्याच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये जोडलेला कपॅसिटर इनपुटच्या बाजूने त्या गेनच्या पटीत मोठा भासतो. ७४१चा दुसरा टप्पा काही शे पटींचा गेन देतो, म्हणून ३० पिकोफॅरड तिथे हजारो पिकोफॅरडसारखे वागतात. एरवी एवढा कपॅसिटर सिलिकॉनवर बसवणं परवडलंच नसतं. ट्यूबच्या काळात मिलर परिणाम ही डोकेदुखी होती. तीच गोष्ट इथे सर्वांत उपयोगाची ठरली, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

त्याच कपॅसिटरची दुसरी बाजू म्हणजे स्ल्यू रेट, आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतं तो दर. पहिला टप्पा त्याला भरायला मोजकाच करंट देऊ शकतो. साधारण १५ मायक्रोअँपिअर धरले आणि ३० पिकोफॅरडने भागले तर दर मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट येतो, आणि ७४१च्या डेटाशीटमधला आकडाही हाच. आउटपुटला १० व्होल्ट शिखराची साइन वेव्ह हवी असेल तर ८ किलोहर्ट्झच्या वर ती त्रिकोणी होऊ लागते. प्रयोगशाळेत विद्यार्थी मोठा सिग्नल देऊन फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स काढतात, आलेख लवकर पडतो आणि जर्नलमध्ये बँडविड्थ चुकीची लिहिली जाते. तिथे मोजली गेलेली गोष्ट गेन नसतेच. छोटा सिग्नल देऊन बँडविड्थ काढावी आणि मोठा देऊन स्ल्यू रेट काढावा. दोन्ही आकडे एकाच कपॅसिटरचे, पण प्रश्न वेगळे.

ज्यांना जास्त गेनच हवा असतो त्यांच्यासाठी हा अंतर्गत कपॅसिटर मुद्दाम लहान ठेवलेले ऑप-अँप मिळतात. ओपी२७ आणि ओपी३७ ही जोडी याचं चांगलं उदाहरण. ओपी२७चा गेन-बँडविड्थ गुणाकार ८ मेगाहर्ट्झ, तर ओपी३७चा ६३. मात्र ओपी३७ पाचपेक्षा कमी गेनवर वापरता येत नाही. ऑडिओत घरोघरी पोहोचलेला एनई५५३४ तीनच्या वरच्या गेनला तसाच चालतो, पण १ गेनवर लावायचा तर बाहेरून २२ पिकोफॅरड जोडावे लागतात.

आता आपण स्वतः काढलेल्या कपॅसिटरांकडे येऊ. फीडबॅक रेझिस्टरला समांतर कपॅसिटर लावला की फ्रीक्वेन्सी वाढेल तसा फीडबॅकचा एकूण अडथळा कमी होतो आणि गेन उतरतो. १०० किलोओहमला १०० पिकोफॅरड समांतर असतील तर हा उतार १५.९ किलोहर्ट्झला सुरू होतो. इन्व्हर्टिंग सर्किटमध्ये गेन पुढे शून्याकडे जात राहतो. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये मात्र तो १ वर येऊन थांबतो, कारण तिथल्या सूत्रातला (१ अधिक रेझिस्टरांचं गुणोत्तर) १ कपॅसिटरच्या हाती नाही. वरच्या फ्रीक्वेन्सीचा गोंगाट पूर्ण काढायचा असेल तर नॉन-इन्व्हर्टिंग टप्प्यात नुसता हा कपॅसिटर लावून भागत नाही. आणि ओपी३७सारख्या ऑप-अँपवर तो लावणं धोक्याचं आहे. वरच्या फ्रीक्वेन्सीला लूपच्या दृष्टीने गेन १ होतो आणि ज्या गेनवर तो चालवायचा नाही तिथेच आपण त्याला नेतो.

समांतरचा रेझिस्टर काढून टाकला तर इंटिग्रेटर होतो. कागदावर त्याचा डीसी गेन अनंत, प्रत्यक्षात ऑप-अँपच्या स्वतःच्या गेनइतका. म्हणून काही मिलिव्होल्टचा ऑफसेट थोड्या वेळात आउटपुटला सप्लायपर्यंत नेऊन चिकटवतो. १९४७मध्ये रागाझिनी, रँडल आणि रसेल यांच्या निबंधात ऑपरेशनल अँप्लिफायर हे नाव आलं ते अॅनालॉग गणनेच्या संदर्भात, आणि त्या गणनेचा कणा इंटिग्रेटर होता. आज रोजच्या वापरात त्याच्या कपॅसिटरला मोठा रेझिस्टर समांतर लावून डीसी गेनला मर्यादा घालतात.

कपॅसिटर ग्राउंडच्या वाटेत ठेवला तर परिणाम उलट दिशेने होतो. नॉन-इन्व्हर्टिंग टप्प्यात ग्राउंडकडे जाणाऱ्या १ किलोओहमबरोबर १० मायक्रोफॅरड एकापाठोपाठ जोडा आणि फीडबॅकला १०० किलोओहम ठेवा. डीसीला कपॅसिटर उघडा, म्हणून गेन १. १६ हर्ट्झच्या वर गेन १०१. एका सप्लायवर चालणाऱ्या बहुतेक माइक अँप्लिफायरांत ही युक्ती असते. अर्ध्या सप्लायचं बायस शंभर पट न होता जसंच्या तसं आउटपुटला येतं. हाच कपॅसिटर जुना होऊन २ मायक्रोफॅरडवर आला की ती सीमा ८० हर्ट्झवर सरकते आणि आवाजातला खर्ज जातो. जुने अँप्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर का बदलतात, त्याचं कारण इथे आहे.

गेनला फ्रीक्वेन्सीप्रमाणे हवा तसा आकार देण्याचं जुनं आणि काटेकोर उदाहरण ग्रामोफोनच्या रेकॉर्डचं. तबकडीवर खर्ज दाबून आणि वरचे स्वर वाढवून कोरतात, म्हणून वाजवताना उलटं करावं लागतं. आरआयएए प्रमाणात त्यासाठी ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे तीन कालांक ठरलेले आहेत. २० हर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झच्या गेनमध्ये जवळपास ९० पटींचा फरक पडतो, आणि तो सगळा फीडबॅकमधल्या एक-दोन कपॅसिटरांनी घडवलेला असतो.

पण कपॅसिटरच्या जागेवर माणसाचं निदान अवलंबून असतं ते ईसीजीमध्ये. छातीवरून मिळणारा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यात मात्र ३०० मिलिव्होल्टपर्यंत डीसी फरक साचू शकतो. पहिल्याच टप्प्यात हजार पट गेन घेतला तर हा डीसीच आउटपुटला सप्लायवर नेऊन बसवेल आणि हृदयाचा सिग्नल दिसणारच नाही. अॅनालॉग पद्धतीच्या रचनेत म्हणून पहिला टप्पा थोड्या गेनचा ठेवतात, मग कपॅसिटरने डीसी अडवतात आणि उरलेला गेन त्यानंतर घेतात. निदानासाठीच्या ईसीजीत ही खालची सीमा ०.०५ हर्ट्झ असते. ३.३ मायक्रोफॅरड आणि १ मेगाओहम यांनी ती जमते. रुग्णाच्या हालचालीने रेषा हलू नये म्हणून मॉनिटरवर ती ०.५ हर्ट्झपर्यंत वर नेतात. ठोके मोजायला ते ठीक आहे. पण त्या सीमेजवळ गेनबरोबर फेजही बदलते, आणि साध्या आर-सी जोडणीने ईसीजीतला एसटी भाग वर किंवा खाली ओढला जाऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं आहे का, हे डॉक्टर याच भागावरून ताडतात. गेनचा आलेख एक-दोन डेसिबलने उतरला म्हणून काही बिघडत नाही असं म्हणणाऱ्याने हे उदाहरण जरूर पाहावं.

इथवरचे कपॅसिटर आपण जाणूनबुजून लावलेले होते. आता न बोलावता येणारे. प्रत्येक ऑप-अँपच्या इनपुट पिनला काही पिकोफॅरड असतातच, त्यात ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणखी भर घालतात. इन्व्हर्टिंग पिनवर असे १० पिकोफॅरड धरू. दोन्ही रेझिस्टर १०० किलोओहमचे, अपेक्षित गेन १, ऑप-अँप १० मेगाहर्ट्झचा. लूपला ते रेझिस्टर समांतर, म्हणजे ५० किलोओहमचे दिसतात, आणि १० पिकोफॅरडबरोबर ते ३१८ किलोहर्ट्झपासून फीडबॅकला उशीर करू लागतात. हिशेब केला तर १.२६ मेगाहर्ट्झच्या आसपास गेन १ राहत नाही, जवळपास ४ होतो. स्क्वेअर वेव्ह दिली तर तिच्या प्रत्येक कडेवर थरथर दिसते. पुस्तकातला उपाय म्हणजे फीडबॅकला समांतर एक लहान कपॅसिटर लावायचा. मी आधी रेझिस्टर लहान करीन. दोन्ही १ किलोओहमचे केले तर तीच सीमा ३१.८ मेगाहर्ट्झवर जाते आणि प्रश्नच मिटतो. मागच्या टप्प्याला तेवढा करंट देणं झेपत नसेल तरच कपॅसिटरकडे वळावं.

फोटोडायोडच्या सर्किटमध्ये ही सवलत नाही, कारण तिथे फीडबॅक रेझिस्टर मोठाच लागतो. १ मेगाओहम, डायोड आणि पिन मिळून ५० पिकोफॅरड, ऑप-अँप १० मेगाहर्ट्झचा. स्थिरतेसाठी लागणारा फीडबॅक कपॅसिटर येतो ०.९ पिकोफॅरड आणि बँडविड्थ सुमारे १८० किलोहर्ट्झ. इतक्या लहान मूल्यांत रेझिस्टरची स्वतःची धारिता आणि बोर्डवरच्या दोन रेषांमधलं अंतरही हिशेबात धरावं लागतं. त्याहून महत्त्वाचं असं की १८० किलोहर्ट्झच्या खाली सिग्नलचा गेन सपाट दिसत असताना ऑप-अँपचा स्वतःचा गोंगाट मात्र वर चढत जाऊन ५० पटींच्या वर पोहोचतो. सिग्नलचा गेन एक आणि गोंगाटाचा दुसरा, हे इथे अगदी स्पष्ट दिसतं.

आउटपुटवरचा कपॅसिटरही असाच लूपमध्ये शिरतो. ऑप-अँपचा आउटपुट रेझिस्टन्स १०० ओहम आणि त्याच्यासमोर १० नॅनोफॅरड असतील तर १५९ किलोहर्ट्झपासून उशीर सुरू होतो. १ मेगाहर्ट्झच्या बफरचा गेन ४०० किलोहर्ट्झजवळ अडीच पट होतो. कोअॅक्सिअल केबलचे मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड धरतात, म्हणजे लांब केबल हाही कपॅसिटरच. आउटपुट आणि केबल यांच्यामध्ये काही दहा ओहमचा रेझिस्टर टाकला की बहुतेक वेळा भागतं.

गेन पूर्णपणे कपॅसिटरांच्याच हाती दिलेली सर्किटंही आहेत. पीझोइलेक्ट्रिक सेन्सर चार्ज देतो, आणि चार्ज अँप्लिफायरमध्ये आउटपुट म्हणजे तो चार्ज भागिले फीडबॅक कपॅसिटर. १००० पिकोकुलोमला १ नॅनोफॅरड असेल तर १ व्होल्ट. इन्व्हर्टिंग पिन जवळजवळ शून्य व्होल्टवर राहत असल्याने केबलची धारिता गेनमध्ये येत नाही. वॉल्टर किस्टलर यांनी १९५०मध्ये याचं पेटंट घेतलं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलेल्या स्विच्ड-कपॅसिटर सर्किटांत रेझिस्टरांची गरजच उरली नाही. चिपवर एका कपॅसिटरचं मूल्य दहा-वीस टक्क्यांनी चुकतं, पण शेजारच्या दोघांचं गुणोत्तर ०.१ टक्क्यापर्यंत अचूक मिळतं, आणि गेन फक्त गुणोत्तरावर ठरतो.

उलट, सॅलन-की फिल्टरमध्ये गेनच कपॅसिटरांच्या वागण्यावर हुकूम चालवतो. दोन्ही रेझिस्टर सारखे आणि दोन्ही कपॅसिटर सारखे घेतले तर १.५८६ गेनवर सपाट बटरवर्थ मिळतो, गेन वाढवू तसं टोक येत जातं, आणि ३ वर फिल्टरचा ऑसिलेटर होतो.

बाजारातला कपॅसिटर सूत्रातल्यासारखा वागत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. एक्स७आर जातीच्या लहान आकाराच्या सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की धारिता निम्म्यावरही येऊ शकते. सप्लायजवळच्या १०४ला (०.१ मायक्रोफॅरडला) ते चालतं, पण सिग्नलच्या वाटेत गेनची सीमा व्होल्टेजबरोबर सरकते आणि विकृती येते. तिथे एनपी० किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. आणि सप्लायच्या पिनजवळचा ०.१ मायक्रोफॅरड कधीही वगळू नये. गेनच्या सूत्रात तो कुठेच नाही, पण तो नसेल तर सप्लायच्या तारेतून दुसरा फीडबॅक तयार होतो आणि सूत्र लागू पडत नाही.

सर्किट बांधून झाल्यावर गेन तपासायचा तर मी साइन वेव्हआधी काही मिलिव्होल्टची स्क्वेअर वेव्ह देतो. आउटपुटची कड पातळीच्या वर १० टक्क्यांच्या आत जाऊन स्थिरावली तर फेज मार्जिन (लूपचा गेन १ होताना उशीर १८० अंशांपासून जितका दूर असतो ते अंतर) साधारण ६० अंश आहे. ती २३ टक्क्यांपर्यंत गेली तर मार्जिन ४५ अंशांवर आलं, आणि वर सांगितलेल्यांपैकी कुठला तरी कपॅसिटर शोधायला हवा. हे पाहताना प्रोब आउटपुटवर लावावा. १० पटीच्या प्रोबला स्वतःचे १० ते १५ पिकोफॅरड असतात, १ पटीच्याला शंभराच्या आसपास. इन्व्हर्टिंग पिनवर तो टेकवला की मोजायचं सर्किट तिथेच बदलतं.